थँक्सगिव्हिंगची टर्की: गुरुवारच्या जेवणाची सुरुवात शनिवारी

दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी मला एक तरी फोन येतो. "ताई, टर्की अजून दगडासारखी आहे. उद्या चारला पंधरा माणसं जेवायला येणार आहेत. काय करू?" फोन करणारी बहुतेक वेळा नवी असते. अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झालेली, पहिल्यांदाच अख्खी टर्की घरी आणलेली, मसाला वाटून डब्यात भरून ठेवलेला. रेसिपी तिच्याकडे चांगलीच असते. पण त्या रेसिपीच्या साहित्यात पहिल्याच ओळीत "टर्की, पूर्ण थॉ केलेली", म्हणजे बर्फ वितळून पूर्ण सुटलेली, एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या एवढ्याशा ओळीत चार-पाच दिवस दडलेले असतात.

आमच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला आमचंही हेच झालं होतं. चौदा पाउंडांची टर्की मी मंगळवारी रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये ठेवली. कोंबडी रात्रभरात सुटते, ही मोठी आहे तर दीड दिवस पुरेल, असा माझा हिशेब होता. गुरुवारी सकाळी वरून दाबून पाहिली तर छाती मऊ लागली, म्हणून प्लास्टिक काढलं. आत हात घातला तर बर्फाची गुहा. मान आतल्या आत चिकटून बसलेली, मांड्यांचे सांधे हलेनात. साडेतीनला बोलावलेली माणसं रात्री साडेआठला जेवली. मैत्रिणीचा लहान मुलगा वरणभात खाऊन सोफ्यावर झोपून गेला होता. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडची टर्की वेळेवर सुटते. जे शिकले ते इथे सगळं लिहिते आहे, म्हणजे यंदा तो बुधवारचा फोन करायची वेळ कुणावर येऊ नये.

एवढा वेळ का लागतो

हे एकदा समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

सोळा पाउंडांची टर्की म्हणजे जवळजवळ सव्वासात किलो. मांसात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे ती टर्की फ्रिजमध्ये ठेवणं हे पाच किलोच्या आसपास बर्फ फ्रिजमध्ये ठेवण्यासारखं आहे. आता बर्फाचा स्वभाव असा, की वितळताना त्याचं तापमान वाढत नाही, पण तो उष्णता मात्र भरपूर खातो. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. ही सगळी उष्णता टर्कीला देणार कोण? फ्रिजमधली थंड हवा. ती स्वतःच जेमतेम ४ अंश सेल्सिअसची. शिवाय हवा उष्णता फार सावकाश पोहोचवते. पाणी हेच काम हवेपेक्षा वीस-पंचवीस पट चांगलं करतं.

त्यात टर्कीची ठेवण. बाहेरून आत जाणारी उष्णता आधी कातडीतून, मग छातीच्या जाड मांसातून, मग हाडांपर्यंत. पोटाच्या पोकळीत मान आणि कलेजी-पेट्याची पुडी गोठून बसलेली, तिथली हवा कोंडलेली. म्हणून बाहेरून मऊ लागणारी टर्की आतून बर्फ असू शकते. माझी फसगत इथेच झाली होती.

मग बाहेर ओट्यावर का ठेवू नये, लवकर सुटेल की? लवकर सुटते, पण बाहेरून. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनांप्रमाणे ४० ते १४० फॅरेनहाइट, म्हणजे ४ ते ६० सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. या पट्ट्यात जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. ओट्यावरच्या टर्कीचा आतला भाग गोठलेला असतानाच कातडी आणि तिच्याखालचं मांस तासन्‌तास या पट्ट्यात पडून राहतं. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबून राहतो, आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतो. काही जिवाणू तर असं विष सोडतात जे शिजवूनही जात नाही. म्हणून कच्चं मांस फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि घरात ९० फॅरेनहाइटच्या वर उकाडा असेल तर एकच तास. चौदा पाउंडांची टर्की दोन तासांत सुटत नाही, त्यामुळे ओट्याचा प्रश्नच मिटला.

उलटी मोजणी

थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हे १९४१ च्या कायद्याने ठरलेलं आहे. त्यामुळे मोजणी सोपी: गुरुवारच्या जेवणाच्या वेळेपासून मागे मागे यायचं.

सूत्र असं: फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पाउंडांना २४ तास. वजन वेष्टनावर छापलेलं असतं.

४ ते १२ पाउंड: १ ते ३ दिवस
१२ ते १६ पाउंड: ३ ते ४ दिवस
१६ ते २० पाउंड: ४ ते ५ दिवस
२० ते २४ पाउंड: ५ ते ६ दिवस

मी नेहमी मोठा आकडा धरते आणि वर एक दिवस हातात ठेवते. हा जादा दिवस वाया जात नाही, कारण फ्रिजमध्ये पूर्ण सुटलेली टर्की शिजवण्याआधी आणखी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये चांगली राहते. लवकर सुटली तर नुकसान काहीच नाही. उशिरा सुटली तर पंधरा माणसं उपाशी.

आमच्या घरचं उदाहरण घ्या. सोळा पाउंडांची टर्की, जेवण चार वाजता. ३२५ फॅरेनहाइटच्या ओव्हनमध्ये एवढी टर्की पोटात काही न भरता भाजायला चार तासांच्या आसपास लागतात. भाजून झाल्यावर कापण्याआधी वीस मिनिटं तरी तिला तशीच राहू द्यायची, मग कापायला वेळ. म्हणजे ओव्हनमध्ये सकाळी अकराच्या सुमारास गेली पाहिजे. मला मसाला आदल्या दिवशी सकाळीच लावायचा असतो, म्हणजे बुधवारी सकाळी ती सुटलेली हवी. तिथून चार दिवस मागे या: शनिवार सकाळ. तो जादाचा एक दिवस यात आलाच, कारण बुधवारी जरा बर्फ राहिला तर मसाला रात्री लावता येतो, आणि टर्की ओव्हनमध्ये गुरुवारीच जायची असते.

बावीस पाउंडांची असेल तर आदल्या शुक्रवारीच फ्रिजमध्ये जाऊ द्या. दहा पाउंडांची असेल तर रविवार संध्याकाळ चालेल. आणि अजून विकत घेतली नसेल तर एक विचार करा. माणशी एक पाउंड हा इथला ढोबळ हिशेब. पण आपल्याकडे पाहुण्यांतले पाच-सहा जण शाकाहारी असतात, बाकी पुलाव, भाज्या, गोडधोड भरपूर असतं. मग चोवीस पाउंडांचा पक्षी कशाला? बारा-बारा पाउंडांच्या दोन टर्की घेतल्या तर त्या एकीच्या निम्म्या वेळात सुटतात, निदान तीन दिवसांत तरी नक्की, आणि एक तंदुरी मसाल्याची, एक इथल्या पद्धतीची असं करता येतं.

फ्रिजमध्ये ठेवताना

सगळ्यात सोपी आणि सुरक्षित पद्धत हीच. फक्त जागा करायची तयारी हवी. मराठी घरातल्या फ्रिजची अवस्था मला माहीत आहे: दुधाचे दोन गॅलन, दह्याचं पातेलं, इडलीचं पीठ, कोथिंबिरीच्या जुड्या, दिवाळीच्या उरलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा. शुक्रवारी रात्री अर्धा तास काढा आणि फ्रिज रिकामा करा. गरज पडली तर मधली एक फळी काढून ठेवा.

टर्की सगळ्यात खालच्या फळीवर, छातीची बाजू वर, वेष्टन न काढता ठेवायची. खाली काठ असलेलं मोठं भांडं हवंच, कारण वेष्टनात बारीकसं भोक असलं तरी चार दिवसांत बरंच पाणी गळतं आणि ते कच्च्या मांसाचं पाणी असतं. आमच्याकडे कणीक मळायची मोठी परात आहे, तिच्यात टर्की अचूक बसते. नंतर ती परात गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा घासून घेते. खालची फळीच का, तर वरून गळलेलं पाणी खालच्या कोशिंबिरीत किंवा श्रीखंडात पडू नये म्हणून. घरात शाकाहारी माणूस असेल तर हे आणखीच महत्त्वाचं. माझ्या सासूबाई असताना त्यांच्यासाठी वरची फळी वेगळी असायची, आणि टर्कीच्या आठवड्यात तिला दुसरा कुणी हात लावत नसे.

फ्रिजचं तापमान मोजा. दारावरच्या आकड्यांवर विसंबू नका. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर चार-पाच डॉलरला मिळतो. तो ४० फॅरेनहाइटच्या खाली दिसला पाहिजे. मी ३७-३८ वर ठेवते. "सुरक्षित असावं" म्हणून काही जण फ्रिज अगदी कडक थंड करून ठेवतात. तसं केलं की ३३-३४ अंशावर टर्की सुटायला खूपच जास्त वेळ घेते, आणि वरचं सूत्र कोलमडतं. फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे थंड हवा थेट येते, तिथे टर्की चिकटवून ठेवली तरी तेच होतं. चारी बाजूंनी दोन बोटं हवा फिरू द्या.

गॅरेज थंड आहे, पोर्च थंड आहे, तिथे ठेवू का, असं बरेच जण विचारतात. नको. आमच्या इथे ओहायोत नोव्हेंबरात सकाळी गोठवणारी थंडी आणि दुपारी ऊन असं एकाच दिवसात होतं. फ्रिजसारखं एकसारखं तापमान तिथे मिळत नाही, आणि रॅकूनसारख्या जनावरांचा त्रास वेगळाच. फ्रिजमध्ये जागा अगदीच नसेल तर मोठ्या कूलरमध्ये खाली-वर बर्फ घालून टर्की ठेवता येते. पण मग आत थर्मामीटर ठेवून दिवसातून तीन-चारदा बघायला हवं, आणि बर्फ बदलत राहायला हवा.

सुटली का, हे कसं ओळखायचं

मंगळवारी संध्याकाळी वेष्टनावरून दाबून बघा. छातीचं मांस बोटाखाली दबलं पाहिजे. पण यावर थांबू नका. खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: तंगड्या सांध्यातून मोकळ्या हलतात का, मांडी आणि धडाच्या खाचेत काही कडक लागतं का, आणि पोटात हात घातला की बर्फाचे खडे लागतात का. शेवटच्या दोन परीक्षांसाठी वेष्टन काढावं लागतं, म्हणून त्या बुधवारी सकाळी.

वेष्टन काढल्यावर तंगड्या एकत्र धरून ठेवणारा प्लास्टिकचा किंवा तारेचा आकडा दिसेल. तो काढला की पोकळी उघडते. आत मान असते, नुसतीच. ती काढून झाली की बहुतेक जण काम संपलं समजतात. पण कलेजी, पेटा आणि हृदयाची पुडी बऱ्याचदा दुसऱ्या टोकाला, मानेकडच्या सैल कातडीखाली ठेवलेली असते. तिथे बोटं घालून बघाच. पुडी कागदाची असेल आणि चुकून आत राहून भाजली गेली तर तेवढं बिघडत नाही. प्लास्टिकची असेल आणि वितळली, तर ती टर्की खाऊ नये असाच सल्ला दिला जातो.

आता एक गोष्ट, जी आपल्या बायकांना पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. टर्की धुवायची नाही. मला माहीत आहे, कोंबडी हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय आपल्याला ती स्वच्छ वाटत नाही. माझ्या आईने मला तसंच शिकवलं. पण सिंकमध्ये एवढा मोठा पक्षी धुताना पाणी उडतं, आणि त्या पाण्याबरोबर जिवाणू ओटा, नळ, शेजारी निथळत ठेवलेली काकडी-टोमॅटो असे सगळीकडे पसरतात. धुऊन ते मरत नाहीत. मरतात ते शिजताना. तेव्हा पेपर टॉवेलने आतून-बाहेरून कोरडी करा, टॉवेल लगेच कचऱ्यात, आणि हात साबणाने वीस सेकंद. कोरडी केलेली कातडी भाजल्यावर कुरकुरीतही होते. हळद हवीच असेल तर मसाल्यात घाला.

मसाल्याबद्दलही थोडं. दही, आलं-लसूण, काश्मिरी तिखट, गरम मसाला जे काय असेल ते टर्की सुटल्यावरच लावा. गोठलेल्या मांसात काही शिरत नाही, नुसतं वर चिकटून बसतं आणि बर्फ वितळला की पाण्याबरोबर वाहून जातं. छातीवरची कातडी बोटांनी हलके सैल करून मसाला तिच्याखाली भरा. आणि मीठ घालण्याआधी वेष्टन वाचा. इथल्या पुष्कळ फ्रोजन टर्कींमध्ये मिठाचं पाणी आधीच टोचून भरलेलं असतं, त्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. अशा टर्कीला पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ती खारट होते.

उशीर झाला तर: थंड पाणी

मंगळवार उजाडला आणि टर्की अजून फ्रीझरमध्येच आहे, किंवा बुधवारी रात्री पोटात बर्फ लागतो आहे. घाबरू नका. दुसरी पद्धत मेहनतीची आहे, पण भरवशाची आहे. हिशेब: दर पाउंडाला ३० मिनिटं. बारा पाउंडांना सहा तास, सोळाला आठ, वीसला दहा, चोवीसला बारा.

टर्की वेष्टनासकट घ्या. वेष्टन फाटलेलं असेल तर पाणी न शिरणाऱ्या मजबूत पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. नाहीतर मांस पाणी पिऊन बेचव होतं आणि सिंकमधली घाण मांसाला, मांसातली सिंकला लागते. ती पूर्ण बुडेल एवढं मोठं भांडं हवं. बहुतेक सिंक उथळ असतात, म्हणून स्वच्छ घासलेला मोठा कूलर किंवा बादली बरी. छातीची बाजू खाली, कारण जाड मांस तिथे आहे. वर तरंगायला लागली तर एखादं जड पातेलं ठेवा.

पाणी नळाचं गार. कोमट नाही, गरम तर अजिबात नाही. गरम पाण्याने तेच होतं जे ओट्यावर होतं: बाहेरचं मांस धोक्याच्या पट्ट्यात, आतलं बर्फात. आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. टर्कीच्या भोवतीचं पाणी बर्फासारखं थंड होऊन बसलं की वितळणं मंदावतं, आणि उलट खोलीची ऊब लागून पाणी तापत गेलं तर ते सुरक्षित राहत नाही. ताजं गार पाणी दोन्ही अडचणी सोडवतं. सोळा पाउंडांना सोळा वेळा पाणी. फोनवर दर तीस मिनिटांचा गजर लावा आणि घरातल्या सगळ्यांत पाळ्या वाटून द्या. हे काम एकट्या बाईवर टाकू नका.

इथे एक मोठी अट आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात. पाण्यात सुटलेली टर्की लगेच शिजवायची. फ्रिजमधली एक-दोन दिवस थांबते, ही थांबत नाही. म्हणजे सकाळी अकराला ओव्हनमध्ये जायची असेल तर सोळा पाउंडांची टर्की पहाटे तीनला पाण्यात गेली पाहिजे. रात्री झोपताना भिजत घालून सकाळी उठून बघू, हे चालणार नाही.

म्हणून मी फोनवर तीनपैकी एक मार्ग सुचवते. टर्की अर्धवट सुटली असेल तर बुधवारची रात्र तिला फ्रिजमध्येच राहू द्या, आणि गुरुवारी पहाटे उठून उरलेला बर्फ दोन-तीन तासांत पाण्यात काढा. हा मला सगळ्यात आवडतो. टर्की पूर्ण दगड असेल तर बुधवारी दुपारीच पाण्यात घाला, रात्री भाजा, कापून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा आणि गुरुवारी थोडा रस्सा किंवा सूप शिंपडून, झाकून, १६५ फॅरेनहाइटपर्यंत पुन्हा गरम करा. पाहुण्यांसमोर अख्खी टर्की मांडण्याचा थाट जातो, पण मांस रसाळ राहतं आणि गुरुवारी ओव्हन बाकीच्या पदार्थांना मोकळा मिळतो. तिसरा मार्ग म्हणजे सरळ जेवणाची वेळ पुढे ढकला आणि पाहुण्यांना आधीच कळवा. सात वाजता जेवायचं ठरलं की माणसं आनंदाने सातला येतात.

मायक्रोवेव्हमध्येही टर्की सोडवता येते, पण बारा-चौदा पाउंडांचा पक्षी बहुतेक घरगुती मायक्रोवेव्हमध्ये मावतच नाही. मावला तर आधी वेष्टन आणि तारेचा आकडा काढा, डीफ्रॉस्टवर पाउंडाला सहा मिनिटं धरा, मधूनमधून फिरवा. कडेचं मांस शिजायला लागतं, म्हणून हीही लगेच भाजायची. मी टर्कीच्या सुट्या तंगड्यांपुरताच हा मार्ग वापरते.

अगदीच वेळ उरला नाही तर

गोठलेली टर्की थेट ओव्हनमध्ये भाजता येते. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं, पण कृषी खात्याचं मार्गदर्शन तसंच आहे: ३२५ फॅरेनहाइट, त्याच्या खाली नाही, आणि वेळ नेहमीच्या दीडपट. चार तासांची टर्की सहा तास. अर्धवट गोठलेली असेल तर त्या प्रमाणात. दोन-तीन तासांनी कातडी मऊ झाली की मसाला आणि लोणी लावा, आणि लांब चिमट्याने आतली मान आणि पुडी बाहेर काढा. शिजली की नाही हे घड्याळाने नाही, थर्मामीटरने ठरवा: मांडीचा आतला भाग, पंखाचा आतला भाग आणि छातीचा जाड भाग, तिन्ही ठिकाणी १६५ फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. टर्कीबरोबर येणाऱ्या, आपोआप वर उडणाऱ्या प्लास्टिकच्या खुंटीवर विसंबू नका.

पण तळणार असाल, तर कृपा करून हे नीट वाचा. अंगणात मोठ्या पातेल्यात तेल तापवून टर्की तळायची पद्धत इथे लोकप्रिय आहे, आपल्या मित्रमंडळींतही आली आहे. गोठलेली किंवा अर्धवट सुटलेली टर्की तापलेल्या तेलात कधीही सोडू नका. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट जागा व्यापतं. पोटात उरलेला मूठभर बर्फ ३५० फॅरेनहाइटच्या तेलात गेला की तेल उसळून पातेल्याबाहेर येतं आणि खालच्या ज्वाळेवर पडतं. वर्षभरात स्वयंपाकामुळे घरात लागणाऱ्या आगी सगळ्यात जास्त थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लागतात. तळायची टर्की पूर्ण सुटलेली आणि आतून-बाहेरून कोरडी हवी, आणि चूल घरापासून, गॅरेजपासून लांब. याबाबतीत मी कुणाचंही "थोडासाच बर्फ आहे" ऐकत नाही. धुरावर शिजवायलाही गोठलेली चालत नाही, कारण तिथे ऊब मंद असते आणि मांस फार वेळ धोक्याच्या पट्ट्यात राहतं. पोटात सारण भरून गोठवलेली तयार टर्की याच्या अगदी उलट. ती सोडवायचीच नाही, वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे गोठलेलीच भाजायची.

बेत ऐनवेळी रद्द झाला, तर फ्रिजमध्ये सुटलेली टर्की पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवता येते. थोडी कोरडी होते, पण खायला सुरक्षित असते. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सुटलेली मात्र आधी शिजवा, मग गोठवा.

आणि बुधवारी मी फोन उचलला नाही, तर कृषी खात्याची मांस आणि पोल्ट्रीसाठीची हेल्पलाइन आहे, १९८५ पासून चालू आहे: १-८८८-६७४-६८५४. प्रश्न कितीही साधा वाटला तरी विचारा.

नाताळात भारतात टर्की आणणाऱ्यांसाठी

टर्की आपल्याकडे आज आलेली नाही. १६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून मुघल बादशहा जहांगीरसाठी जी अपूर्व जनावरं नेली त्यांत एक टर्कीचा नर होता, आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला "पेरू" म्हणतात, हे कळल्यावर आमच्या मुलांना फार मजा वाटली होती.

मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात नाताळासाठी फ्रोजन टर्की मागवत असाल तर हिशेब किलोत असा धरा: फ्रिजमध्ये दर दोन किलोला एक दिवस, पाण्यात दर किलोला एक तासाहून थोडं जास्त. फरक एकच, पण महत्त्वाचा आहे. डिसेंबरात ओहायोच्या नळाला येणारं पाणी हात बधिर करतं, मुंबईच्या नळाचं तसं नसतं. तिथे दर वेळी पाणी बदलताना भरपूर बर्फ घाला आणि थर्मामीटर बुडवून बघा, पाणी ४ सेल्सिअसच्या आसपास राहिलं पाहिजे. फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्ससमधल्यांनीही हेच करावं. आणि भाजण्याआधी घरचा ओव्हन मोजा. भारतातल्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये चार-पाच किलोच्या वरची टर्की सहसा मावत नाही. मावणार नसेल तर सुटल्यावर कणा काढून दोन भाग करा आणि एकामागून एक भाजा.

गुरुवारी सकाळी

नऊच्या सुमारास परात बाहेर काढा. पोटात शेवटचा एकदा हात घालून बघा. अजून दोन-चार बर्फाचे खडे लागले तर काळजी करू नका, ते काढून टाका आणि भाजायला अर्धा तास जास्त धरा. आदल्या दिवशी मसाला लावलेली असेल तर कातडीवर साचलेलं पाणी टिपून घ्या. परात, चाकू, पाट लगेच साबणाने घासून टाका, म्हणजे पुढची कोशिंबीर बिनधास्त चिरता येईल.

ओव्हन तापत ठेवला की शेगडीवर एक पातेलं चढवा. त्यात मान, पेटा, हृदय, एक चिरलेला कांदा, चार मिरी, तमालपत्र आणि दीड लिटर पाणी. टर्की भाजत असताना ते मंद आचेवर उकळत राहू द्या. कलेजी त्यात घालू नका, तिने रस्सा कडवट होतो. ती वेगळी, तव्यावर कांदा-मिरचीवर परतून स्वयंपाक करणाऱ्यांनी गरम गरम खायची.